पाऊण तासाचं शून्य

मित्रांनो, रस्ता ओलांडताना तुमच्या पायाखाली कधीतरी एक काळी, बोटभर जाडीची दोरी आली असेल. या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी ताणलेली, दोन्ही बाजूंना खिळे ठोकलेली. तुमच्यापैकी कुणी तिच्यावर मुद्दाम उडी मारली असेल, कुणी 'हे काय नवीन खूळ' म्हणून तिला चपलेने ढोसून पाहिलं असेल. ती दोरी नव्हे. ती मी. मी एक जुनी रबरी नळी आहे, पोटातून पोकळ, आणि माझं आयुष्य रस्त्यावरच्या गाड्या मोजण्यात गेलं. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका रबराच्या कारखान्यात झाला. ट्यूबमधून टूथपेस्ट बाहेर यावी तशी मी यंत्राच्या तोंडातून गरमागरम बाहेर आले, थंड पाण्यात पडले आणि मापात कापली गेले. माझ्याबरोबरच्या काही जणी बागेत झाडांना पाणी घालायला गेल्या, काही जणींना शेगडीमागे कायमची जागा मिळाली. मला खाकी कागदात गुंडाळून वाहतूक मोजणीच्या कार्यालयात पाठवलं. बागेतल्या बहिणींचा मला तेव्हा फार हेवा वाटला होता. आजही वाटतो.

माझं काम अगदी साधं. एका टोकाला घट्ट गाठ, दुसरं टोक रस्त्याकडेच्या पत्र्याच्या पेटीत. चाक माझ्यावरून धावत गेलं की पोटातली हवा दचकते आणि तिची एक फुंकर पेटीत जाते. पेटी वेळ टिपून ठेवते. दोन फुंकरी म्हणजे एक गाडी. तीन-चार लागोपाठ आल्या की मालट्रक. सायकलची फुंकर तर इतकी हलकी की पेटीला तिचा पत्ताही लागत नाही. फुंकर आली म्हणजे गाडी गेली, फुंकर नाही म्हणजे काही नाही. एवढंच माझं शिक्षण. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घात तिथेच झाला.

मला अंथरणाऱ्या माणसाला कार्यालयात सगळे नळीवाला म्हणत. वाळलेला, चष्मा लावणारा, फारसा न बोलणारा माणूस. प्रत्येक मोजणीआधी तो मला पाण्याच्या बादलीत बुडवून बोटांनी दाबत दाबत पुढे सरकायचा. बुडबुडा दिसला की तिथे सायकलच्या पंक्चरचं ठिगळ. अशी सात ठिगळं आहेत माझ्या अंगावर. सातही त्याच्या हातची आहेत आणि एकही अजून सुटलेलं नाही.

माझे आकडे वरच्या मजल्यावर मॅडमकडे जायचे. मॅडमच्या चष्म्याची एक दांडी कायम सैल, त्यामुळे त्या जगाकडे जरा मान तिरकी करून बघत. त्यांच्या संगणकात अख्खं शहर होतं. प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ. कोणत्या रेघेवर किती गाड्या, किती वेगाने पळतात, किती वेळ खोळंबतात, हे भरलं की ते यंत्र सांगायचं की कुठे किती धूर सोडला जातोय. मॅडम त्याला मॉडेल म्हणत. खऱ्या रस्त्यावरचा एक दगडही न हलवता त्या पडद्यावर रस्ते बंद करत, सिग्नलच्या वेळा बदलत, ट्रक इकडून तिकडे नेत आणि मग यंत्राला विचारत, "बोल, आता धूर किती कमी?"

एकदा पुलाजवळच्या सिग्नलची वेळ त्यांनी अशीच पडद्यावर बदलली आणि मग खरोखर बदलायला लावली. पुलावर तासन्‌तास घुरघुरत उभ्या राहणाऱ्या गाड्या सुटसुटीत धावू लागल्या. शेजारच्या शाळेने खिडक्या उघडल्या. तेव्हा मॅडम खाली आल्या, मला हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हिने मोजलं नसतं तर मी काय मोठे दिवे लावले असते?" नळीवाला लाजून भिंतीकडे बघत राहिला. माझा तर ऊर भरून आला. ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो, आणि ते फार नव्हते.

मग एका मोजणीत कुणीतरी माझा हातभर तुकडा कापून नेला. बहुतेक घरच्या नळाला लावायला. चार दिवसांची मोजणी वाया गेली. कार्यालयातल्या साहेबांनी नळीवाल्याला सगळ्यांसमोर झापलं. "एक नळी सांभाळता येत नाही तुम्हाला?" ते त्याच्या जिव्हारी लागलं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं. चोरापासून मला वाचवायच्या त्या हट्टातूनच पुढचं सगळं झालं.

त्या वर्षी मॅडमनी मोठं काम हाती घेतलं होतं. घाऊक बाजारात जाणारे ट्रक सकाळी मोठ्या रस्त्यावर अडकून पडत आणि शहरातला सगळ्यात जास्त धूर तिथेच होई. त्या ट्रकांसाठी दुसरी वाट शोधायची होती. त्यासाठी दहा लहान रस्ते मोजायचे ठरले. त्यातला एक अरुंद, एकेरी रस्ता नळीवाल्याच्या ताईचा निघाला.

ताईचं तिथे चष्मे दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे काचेचं कपाट आणि एक बाक, मागे राहायची खोली. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच नळीवाल्याला वाढवलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाला ती अजून 'धाकट्या' म्हणायची. तिला लहानपणापासून दमा होता, पण तोंड त्याहून मोठं होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता ती त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची.

"मला घेऊन फिरतोस तसं जप हो तिला," नळीवाल्याच्या खांद्यावरचं माझं वेटोळं बघून ती म्हणाली.

"तुला कधी घेऊन फिरलो मी?"

"तेच म्हणतेय. बघ तरी, लाज वाटते का."

नियम असा होता की सिग्नलपासून शंभर पावलांच्या आत नळी अंथरायची नाही. अंथरायची जागा बरोबर शंभर पावलांवरच्या, अकरा नंबरच्या दिव्याच्या खांबाजवळ ठरली होती. दुकान मात्र सिग्नलपासून तीस पावलांवर. नळीवाल्याने खांबाकडे पाहिलं. तिथे चिटपाखरू नव्हतं, मला कुणीही कापून नेलं असतं. दुकानासमोर ताईची नजर राहणार होती. त्याने मला तिच्या दारात अंथरलं, खिळे ठोकले, आणि कागदावर 'खांब अकरा' लिहिलं. सत्तर पावलांचा तर फरक, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. मला तर उलट बरं वाटलं की कुणीतरी राखण करतंय.

पहिल्याच सकाळी मला त्या नियमाचा अर्थ कळला.

साडेआठ वाजले आणि सिग्नलपासून गाड्यांची रांग मागे मागे येत माझ्यापर्यंत पोचली. एका टेम्पोचं मागचं चाक माझ्या अंगावर येऊन थांबलं ते थांबलंच. इंजिन चालू. धूर सरळ ताईच्या दारात. चाक दाबून बसल्यावर माझ्या पोटातली हवा हलणार कशी? रांग कधी पुढे सरकलीच तर इतकी हळू की हवा नुसती दबायची, दचकायची नाही. फुंकर उठेना. माझ्यावर गाड्यांचा डोंगर उभा होता आणि पत्र्याच्या पेटीत मी एक शब्द पोचवू शकत नव्हते. सव्वानऊला रांग सुटली. पेटीने साडेआठ ते सव्वानऊ या वेळेपुढे लिहिलं, शून्य.

सात दिवस हेच झालं. सात शून्यं. मला ओरडावंसं वाटायचं, पण माझ्यापाशी होती फक्त फुंकर, आणि तीही चाकाखाली अडकलेली.

नळीवाल्याने मला गुंडाळून कार्यालयात आणलं तेव्हा मॅडमनी कागद पाहिला आणि विचारलं, "इथे रोज सकाळी पाऊण तास शून्य? नळी नीट होती ना?"

"एकदम नीट, मॅडम. बादलीत बुडवून पाहिली होती."

"आणि जागा? अकरा नंबरलाच होती ना? तिथपर्यंत रांग येत नाही."

नळीवाला अर्धा क्षण थांबला. मी कोपऱ्यातल्या खुंटीवर होते, मला तो क्षण दिसला.

"हो. अकरा नंबर," तो म्हणाला.

झालं. अकरा नंबरवरचं शून्य म्हणजे रिकामा रस्ता. मॅडमनी ती रेघ मॉडेलमध्ये रिकामी भरली, बाजाराचे ट्रक सकाळी त्या रेघेवर वळवले आणि यंत्राला विचारलं. यंत्राने सांगितलं, शहराचा एकूण धूर शंभरात नऊ भाग कमी. टाळ्या वाजल्या. दोन महिन्यांत खऱ्या रस्त्यावर पाटी लागली, बाण रंगवला गेला आणि ट्रक आले.

मी तेव्हा ताईच्या दुकानात खिळ्यावर टांगलेली होते. कार्यालयातल्या खोलीला रंग देत होते, म्हणून नळीवाल्याने मला तिथे ठेवलं होतं, आणि मग परत न्यायचं राहूनच गेलं. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. आधीच तुंबणाऱ्या त्या रस्त्यात ट्रकामागे ट्रक उभे राहू लागले. काचेचं कपाट पुसायचं ताईचं पिवळं फडकं आठवड्यातून एकदा धुवावं लागायचं, ते आता दिवसातून दोनदा काळं होऊ लागलं. लोकांनी तक्रारअर्ज केले. उत्तर आलं की 'आपल्या रस्त्यावर सदर वेळेत वाहतूक शून्य असल्याचे मोजणीत आढळून आले आहे.' ताईने ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. बाकाला धरून ती खाली बसली. कितीतरी वेळ तिला श्वास सापडेना.

"ऐकलंस का, धाकट्या?" डोळे पुसत ती म्हणाली. "माझ्या दारात शून्य गाड्या आहेत म्हणे. मग मी खोकते कुणाच्या धुराने? तुझ्या शून्याच्या?"

नळीवाला हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं, मग परत माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं.

त्याच दिवशी तो सांगून मोकळा झाला असता तर ही गोष्ट मी तुम्हाला हसत सांगितली असती. पण कागदावर खोटी जागा लिहिलेली. नोकरी गेली असती, चारचौघांत नाचक्की झाली असती. त्याने स्वतःची समजूत घातली की सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी आहेच. तेव्हा नळी योग्य जागी अंथरू, खरं ते आपोआप बाहेर येईल, कुणाला काही सांगायलाच नको. माणसं स्वतःला किती सहज फसवतात, हे मी तेव्हा पाहिलं.

तीन महिन्यांत ताई मागच्या खोलीतून पुढे यायची बंद झाली. तिच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि नळीवाला तिथेच राहायला आला. त्यातून एक बारीक, पारदर्शक नळी तिच्या नाकाशी जायची. माझीच दूरची कुणी. ती दिवसभर फुंकर घालत होती, आणि मी खिळ्यावर नुसती लोंबत होते.

एका दुपारी नळीवाल्याने ताईला सगळं सांगितलं. दार लावून, खाली मान घालून. ताईने हात पुढे करून त्याचा नाकावर घसरलेला चष्मा सरळ केला.

"शंभर पावलं मोजता येत नव्हती का रे तुला?" ती म्हणाली. "उद्या जा आणि सांग. माझं सोड. समोरच्या इमारतीत दोन तान्ही बाळं आहेत. जाशील ना?"

"जाईन, ताई."

दुसऱ्या दिवशी तो गेला. मॅडमच्या दारापर्यंत पोचला. आत कसली तरी बैठक चालली होती. तो जिन्यातूनच परत फिरला. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. घरी आल्यावर ताईने विचारलं, "सांगितलंस?" आणि तो म्हणाला, "सांगितलं. काढतायत ट्रक. हळूहळू काढतायत."

त्यानंतर रोज सकाळी ताई कान देऊन पडायची. "आज कमी वाटतात, नाही रे?"

"हो. कमी झालेत."

मित्रांनो, मी दाराजवळ होते. ट्रक कमी झाले नव्हते. पण तिचा चेहरा त्या उत्तराने थोडा सैल व्हायचा, म्हणून तो रोज तेच उत्तर द्यायचा. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

सहा महिने पुरे झाले. नळीवाल्याने मला खिळ्यावरून काढलं, बादलीत बुडवून तपासलं आणि या वेळी बरोब्बर अकरा नंबरच्या खांबाजवळ अंथरलं. सिग्नलपासून शंभर पावलं त्याने स्वतः मोजली, मोठ्याने. पण आता रांग पूर्वीची राहिली नव्हती. ट्रकांमुळे ती अकरा नंबर ओलांडून कितीतरी मागे जात होती. पहिल्याच सकाळी माझ्या अंगावर पुन्हा चाक थांबलं.

चौथ्या सकाळी साडेआठच्या सुमाराला ताईचा श्वास अडकला. अँब्युलन्स आली खरी, पण रांगेत शिरली आणि तिचं मागचं चाक नेमकं माझ्यावर येऊन थांबलं. पुढे ट्रक, मागे ट्रक. सायरन ओरडत होता. बाजूला व्हायला कुणालाच जागा नव्हती. मग मी पाहिलं, नळीवाला आणि अँब्युलन्सचा ड्रायव्हर ताईला घरातल्या खुर्चीत बसवून गाड्यांच्या फटींतून धावत आणत होते. त्यांनी तिला आत चढवलं. तिचं वजन त्या चाकातून माझ्यावर आलं. किती हलकी झाली होती ती.

अँब्युलन्स हलली नाही. दार उघडंच होतं. ताईने मान वळवून बाहेर पाहिलं. नजर पोचेल तिथपर्यंत ट्रकच ट्रक.

"धाकट्या," ती म्हणाली, "तू सांगितलंच नाहीस ना?"

नळीवाल्याने तिचा हात घट्ट धरला. नऊ वाजून गेल्यावर आतल्या डॉक्टरांनी तिच्या नाकाची नळी काढली. सायरन बंद झाला. रांग सव्वानऊला सुटली.

पेटीने साडेआठ ते सव्वानऊ या वेळेपुढे लिहिलं, शून्य.

तेरा दिवसांनी नळीवाला मला खांद्यावर आणि पेटी काखेत घेऊन वर गेला. या वेळी आत कोण बसलंय हे त्याने पाहिलं नाही. मॅडमच्या टेबलावर त्याने कागद पसरला आणि त्या दिवसाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, ह्या शून्यात माझी ताई आहे."

मग त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. तीस पावलं, खोटा खांब, जिन्यातून परत फिरणं. मॅडमनी चष्मा काढला.

"चूक तुमच्या एकट्याची नाही," त्या म्हणाल्या. "ते शून्य बघून मला आनंद झाला होता. रिकामा रस्ता मला हवाच होता. म्हणून मी तिथे जाऊन बघितलं नाही. दहा मिनिटांवर तर आहे."

आठवड्याभरात ट्रकांची ती पाटी काढून टाकली. नळीवाल्याची नोकरी गेली. आता मॅडमच्या कागदावर शून्यापुढे एक नवा रकाना आहे, 'रिकामा की तुंबलेला?' आणि तो भरण्यासाठी कुणालातरी त्या जागी प्रत्यक्ष जाऊन उभं राहावं लागतं. मोजणीसाठी दुसऱ्या तऱ्हेची यंत्रं आली. मला निकामी ठरवून नळीवाल्याला देऊन टाकलं.

मी आता ताईच्या दुकानात त्याच खिळ्यावर आहे. चष्म्यांचं काम नळीवाल्याला नीट जमत नाही, लोक तरी येतात. मॅडमही एकदा येऊन बाकावर बसल्या होत्या. त्याने त्यांची दांडी घट्ट करून दिली. काचेचं कपाट पुसायचं पिवळं फडकं आता आठवडाभर पिवळंच राहतं. त्याच्याकडे बघून नळीवाला कधी कधी तोंड फिरवतो.

मित्रांनो, माझ्या अंगावरून पुष्कळ गाड्या गेल्या, त्या सगळ्या मी विसरले. जी थांबली ती विसरता येत नाही. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यासारख्या मुक्या वस्तूंनी काही मोजून सांगितलं तर ते ऐका, आमची ठिगळंही नीट लावा, पण कागदावर शून्य दिसलं की एकदा स्वतः जाऊन बघा, तिथे कुणीच नाही की कुणाला हलताच येत नाहीये. आणि जे दिसेल ते त्याच दिवशी सांगा, जिन्यातून परत फिरू नका. चाकाखाली असताना मला फुंकरही घालता येत नव्हती. तुम्हाला तर तोंड आहे.